मागचा डावा

शिवकन्या : मामा, हात काढा आधी. जॅक उतरवायले मी.

ग्यानोबा : काढला की. तू मागच्या चाकाला दगड नीट लावलास का ते बघ. तीस वर्षं येष्टी चालवली म्हणून सासरा काय लोखंडाचा झाला न्हाई.

शिवकन्या : लावलेत. दोन्हीकडून. उतरवू?

ग्यानोबा : उतरव. हळू. अजून. बस, टेकली चाकं. झालं की नाही? पुढचे दोन्ही नवे शॉकअप बसले. सुदर्शन काय म्हणत होता, हैदराबादेतनं? तुमच्यानं व्हायचं न्हाई, औशाला जहांगीरच्या गॅरेजात न्या. आता त्याला फोटो पाठव. म्हणावं, तुझ्या बापानं आन तुझ्या बायकोनं अंगणात बसवले.

शिवकन्या : फोटो मंग पाठवते. तुम्ही जरा इकडं या, माझ्याजवळ. आता समोरनं बघा आपल्या पिकअप गाडीकडं.

ग्यानोबा : बघतोय. चांगली उंच झाली. त्या खोदून ठेवलेल्या रस्त्यावर आता पोट घासायचं न्हाई.

शिवकन्या : उंच झाली, पण एकीकडंच. डावीकडं झुकली बघा.

ग्यानोबा : अंगणच वाकडं हाय आपलं.

शिवकन्या : अंगण काल बी हेच होतं. काल गाडी सरळ होती.

ग्यानोबा : हाव. फोटोग्राफरनं सांगितल्यासारखी मान वाकडी करून उभी हाय. उजवा मी बसवला, डावा तू बसवलास. म्हणजे चूक कुणाची ते कळलंच.

शिवकन्या : बघा. अजून कुणी काय बोललं न्हाई तर माझी चूक.

ग्यानोबा : तसं न्हवतो म्हणत पोरी. गंमत केली.

शिवकन्या : गंमत असू द्या. तीन महिने झाले, या गाडीचं काय बी बिघडलं की समदे माझ्याकडंच बघतात. मी जहांगीरभाईंना फोन लावते.

ग्यानोबा : कशाला त्याला? त्याच्या पोरीची, अलीझाची मंगनी हाय आज, नांदेडला गेलाय तो. आपलं आपण बघू.

शिवकन्या : त्यांनीच म्हटलंय, अडलं तर लावा म्हणून. हॅलो, जहांगीरभाई? शिवकन्या बोलते. कामात हायेत का?

जहांगीर : बोला वहिनी, बोला. काम कसलं, बायकांनी मला गच्चीवर खुर्च्या मोजायला बसवलंय. बसले का शॉकअप?

शिवकन्या : पुढचे बसले. पण गाडी डावीकडं झुकलीय. स्पीकरवर टाकते, मामा बी हायेत.

जहांगीर : सलाम काका. वरचे तीन-तीन नट आवळले का? आन त्यांच्या मधला नट कुणी खोलला न्हाई ना? तो खोलला तर स्प्रिंग तोंडावर येते.

ग्यानोबा : मधल्याला हात लावला न्हाई. तू चार येळा सांगितलंस.

जहांगीर : बराबर. आता शॉकअपच्या अंगावर ते आटे हायेत, त्यावरची रिंग फिरवून वर घेतली का? रिंग जेवढी वर, गाडी तेवढी वर.

शिवकन्या : घेतली. तुम्ही म्हणालात तसंच. बुडापासून तीन बोटं.

जहांगीर : दोन्हीकडं तीन?

ग्यानोबा : दोन्हीकडं तीन. मी उजवीकडं मोजली, हिनं डावीकडं.

जहांगीर : काका, तुम्ही मोजली ती बोटं कुणाची?

ग्यानोबा : कुणाची म्हणजे? माझी. दुसऱ्याची कुठून आणू?

जहांगीर : आन वहिनींनी?

शिवकन्या : माझी. अगं बाई.

जहांगीर : दोघं बी हात शेजारी धरा बरं एकदा.

शिवकन्या : मामा, धरा हात. असा. बघा, तुमच्या तीन बोटांत माझी चार मावतात.

ग्यानोबा : येष्टीच्या स्टेरिंगनं सुजवलेत ते. पहिल्या गाड्यांना पावर स्टेरिंग न्हवतं.

जहांगीर : वीस वर्षं झाली गॅरेजला, ही गलती कुणी केली न्हाई अजून. सासऱ्याच्या बोटानं उजवीकडं, सुनंच्या बोटानं डावीकडं.

शिवकन्या : मग बरोबर बोटं कुणाची, ते तरी सांगा.

जहांगीर : माझी. मी तीन बोटं म्हणलो तर माझी तीन बोटं. दोन इंच धरा.

ग्यानोबा : तुझी बोटं नांदेडला, गाडी हितं. इंच सांगायला काय झालं होतं तुला सकाळी?

जहांगीर : गॅरेजात टेप कोण वापरतं काका?

शिवकन्या : माझ्याकडं हाय. शिवणाच्या मशीनवरची. आणते. दोन इंच, दोन्हीकडं, एकच टेप.

जहांगीर : हौ. मागचे दोन खोलताना परत लावा फोन. आन जुने फेकू नका, माझ्यासाठी ठेवा. मागचे दोन्ही मीच टाकले होते चार साल आधी, कसे झिजले ते बघायचंय.

ग्यानोबा : जुन्याचं काय बघायचं असतंय? भंगारात जाईल ते.

जहांगीर : जुनं बघितल्याबिगर गाडीचा आजार कळत न्हाई काका. ठेवतो, खाली बोलवायलेत.

शिवकन्या : घ्या मामा, परत जॅक लावा. माझी बाजू वर घ्यायची, तुमची खाली. तो चंद्रकोरीसारखा पाना कुठं ठेवला, रिंग फिरवायचा?

ग्यानोबा : तुझ्या मांडीखाली हाय.

शिवकन्या : सापडला. मामा, एक विचारू? तुम्हाला गॅरेजात का न्यायची न्हवती गाडी? सुदर्शन बोलले होते जहांगीरभाईंशी. काल पोचवायची होती फक्त.

ग्यानोबा : घरी होण्यासारखं काम घरी करावं.

शिवकन्या : पंक्चर झालं तरी तुम्ही औशाला जाताव. चहा मिळतो तिथं म्हणून.

ग्यानोबा : फिरव तू रिंग. बोलताना आटे चुकतात.

शिवकन्या : फिरवायले. बघा टेप. दोनला आली. आता तुमची बाजू.

ग्यानोबा : माझी किती निघाली?

शिवकन्या : अडीचला थोडी कमी. माझी पावणेदोन होती. मामा, उठू नका एकदम, गुडघा धरलाय तुमचा. सिंधुकाकूचं पाणी भरायचं आता बंद करा. त्यांच्या हाताचं प्लास्टर निघून महिना झाला. हापशावरनं रोज सहा घागरी, या वयात.

ग्यानोबा : मला व्यायाम होतो.

शिवकन्या : गावात समदे म्हणतात, ग्यानोबांसारखा माणूस न्हाई. सुनंनं गाडी खड्ड्यात घातली, सासरा पाणी भरून फेडायला लागलाय.

ग्यानोबा : कोण म्हणतं?

शिवकन्या : समदे. सिंधुकाकू सोडून समदे. त्या मला अजून तशाच हाक मारतात. हात मोडला त्यांचा, पण वाकडं बोलल्या न्हाईत एकदा बी. त्याचंच जास्त लागतं मला.

ग्यानोबा : खाली उतरव गाडी. बघू सरळ झाली का.

शिवकन्या : उतरली. झाली. मामा, टेप लावून बघते. जमिनीपासून डावीकडं, आन हे उजवीकडं. एक सूत बी फरक न्हाई.

ग्यानोबा : बरं झालं. आता तू आत जा. दोन कप चहा टाक, आन भाकरीचं बघ. मागचे मी एकटा काढतो. दोन-दोन बोल्ट हायेत नुसते.

शिवकन्या : चहा मंग. उन्हं चढायच्या आत संपवू. आपण वाटणी केलीय, उजवी तुमची, डावी माझी.

ग्यानोबा : मागचा डावा गंजलाय. तुझ्यानं निघायचा न्हाई.

शिवकन्या : गंजाचं तेल मारून ठेवलंय मी सकाळीच. मामा, मला करू द्या. उद्यापासनं शेषेराव येणार किल्ली न्यायला. सुदर्शननी ठरवलंय, गाडी तेच चालवणार. सोमवारी-गुरुवारी बचत गटाचे पापड, मसाले लातूरला तेच नेणार. मी मागनं येष्टीनं जायचं, पिशवी घेऊन. मग आज तरी या गाडीचं समदं काम माझ्या हातानं होऊ द्या.

ग्यानोबा : शेषेराव बरा चालवतो.

शिवकन्या : चालवतात. मी कुठं न्हाई म्हणते. मीच म्हणलं सुदर्शनना, मला नको किल्ली. माझ्या हातात काहीतरी खोट हाय, मामा. त्या बाभळीच्या वळणावर मी काय केलं ते मला अजून कळलं न्हाई. वेग न्हवता. समोरनं कुणी आलं न्हाई. मागं अकरा बायका, साखरपुड्याची गाणी म्हणत होत्या. मी वळवली तेवढीच, जेवढी रोज वळवते. आन गाडी मागनं उडाली, दोनदा, आन फिरली. रात्री झोपेत बी मी तेच वळण घेते. रोज नीट घेते, आन रोज खड्ड्यातच जाते.

ग्यानोबा : बोल्ट निघाला का?

शिवकन्या : निघायलाय. वरचा निघाला. खालचा... हा. आला. तुमचा?

ग्यानोबा : माझा बी निघाला. ठेव तो तिकडं, हौद्याखाली. नवा घे हातात.

शिवकन्या : थांबा, जहांगीरभाईंना फोन लावायचाय. लागला. जहांगीरभाई, मागचे दोन्ही काढले.

जहांगीर : वा. मग आता एक काम करा. जुने उभे धरा आन वरनं दाबा. हातानंच. उजवा आधी.

शिवकन्या : दाबला. लई कडक हाय. अर्धा जातो, मग हाताला कळ लागते. सोडला तर हळू-हळू वर येतोय.

जहांगीर : चार साल झाले तरी दम हाय त्यात. आता डावा.

शिवकन्या : डावा... जहांगीरभाई, हा पार आत गेला. दोन बोटांनी गेला. आन तिथंच बसला, वर येईना.

जहांगीर : वरच येईना?

शिवकन्या : न्हाई. सायकलीचा फुटका पंप असतो तसा.

जहांगीर : म्हणजे मेलाय तो. तेलाचा एक थेंब उरला नसंल आत. असा डाव्याला मेलेला शॉकअप असला, आन मागं माणसं भरलेली असली, तर वळणावर मागची बाजू उड्या मारते आन बाहेर फेकली जाते. स्टेरिंगवर कोण बी असू द्या, मी असो, नाहीतर काका असोत. पण वहिनी, एकाच वेळी टाकलेले दोन, एक असा अन् एक तसा कसा होईल? त्यावरचा माझा रंग बघा बरं. दोन्ही काळे हायेत ना?

शिवकन्या : उजवा काळा हाय. डाव्याला माती चिकटलीय, थांबा, फडक्यानं पुसते. घट्ट चोळल्यासारखी बसलीय. निघाली. खाली निळा हाय.

जहांगीर : निळा?

शिवकन्या : निळा. आन वरच्या डोळ्यापाशी, बोल्ट जातो तिथं, जोड मारलेला दिसतो, वेल्डिंगचा.

जहांगीर : मी निळा टाकला न्हाई कधी. वेल्डिंगचा तर हातात बी धरत न्हाई. वहिनी, त्या दिवशी तुम्ही वळणावर...

ग्यानोबा : फोन ठेव, पोरी.

शिवकन्या : जहांगीरभाई, मी नंतर करते.

(फोन बंद.)

शिवकन्या : मामा.

ग्यानोबा : बस तू. त्या पोत्यावर बस. मी उभाच बरा हाय.

शिवकन्या : हा निळा कुणी टाकला?

ग्यानोबा : मी.

शिवकन्या : कधी?

ग्यानोबा : दिवाळीच्या आधी. तू नायगावला माहेरी गेली होतीस, आठ दिवस. सुदर्शन मला म्हणाला होता, आबा, तुमचे डोळे कमी झालेत, गाडी काढू नका. मी काढली. सोयाबीन भरलं, लागेल त्याच्या दुप्पट भरलं. आन सडकेनं न जाता बांधावरनं घातली, जवळ पडतं म्हणून. तिथं मागचा डावा तुटला. आता सुदर्शनला काय सांगू? नांदेडला बहिणीकडं जातो म्हणलो, आन भंगार बाजारातनं हा आणला. दुकानदार म्हणाला, दोन वर्षं बघायचं काम न्हाई. मी बसवला. तुम्हाला कुणाला सांगितलं न्हाई. मला वाटलं, बसलाय तर चालंल.

शिवकन्या : मग त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?

ग्यानोबा : त्या दिवशी गाडी निघाली तवा न्हवतं माहीत. तुळजाभवानीची आण घेऊन सांगतो, माहीत असतं तर एक बाई बसू दिली नसती. संध्याकाळी ट्रॅक्टर घेऊन गाडी वर काढायला गेलो तवा कळलं. खाली वाकून बघितलं. तेलानं न्हाऊन निघाला होता. लोक वर उभे होते, सिंधुला दवाखान्यात नेलं होतं. मी बांधावरची माती घेतली आन चोळली त्याला. दोन्ही हातांनी चोळली. मग वर आलो आन समद्यांसमोर बोललो. काय बोललो ते तुला पाठ असंल.

शिवकन्या : तीस वर्षं विनाअपघात. एक कोंबडी सुद्धा मेली न्हाई माझ्या चाकाखाली. बाईमाणसाच्या हातात गाडी दिली, ही आपली चूक.

ग्यानोबा : हाव. तेच. तू खाली मान घालून ऐकलंस. पदरानं तोंडावरची माती पुसत होतीस.

शिवकन्या : मामा, एक सांगा मला. नीट सांगा. माझा हात न्हवता?

ग्यानोबा : तुझा हात न्हवता.

शिवकन्या : पुन्हा म्हणा.

ग्यानोबा : तुझा हात न्हवता, शिवकन्या. तू बरोबर वळवली होतीस. उलट दुसरा कुणी असता तर गाडी पालथी झाली असती. तू खड्ड्यात सरळ उतरवलीस म्हणून एका हातावर भागलं. येष्टीत असतीस तर तुझी पाठ थोपटली असती डेपो मॅनेजरनं.

शिवकन्या : अजून एकदा.

ग्यानोबा : तुझा हात न्हवता. रडू नको, पोरी.

शिवकन्या : रडत न्हाई मी. रडायले, पण तसं न्हाई ते. तुम्हाला कसं सांगू? तीन महिने मी दूध ओतताना बी माझ्या हाताकडं बघायची. विळीवर बसले तरी बघायची. वाटायचं, आता काय करतील हे हात. आन ते काहीच करत न्हवते. ते चांगलेच होते. आई गं. किती हलकं वाटायलंय मला.

ग्यानोबा : मला शिव्या दे. मला बरं वाटंल.

शिवकन्या : राग यायला पाहिजे मला तुमचा. येईल. उद्या येईल, लई येईल. दोन दिवस तुमच्याशी बोलायची न्हाई मी, आधीच सांगून ठेवते. पण आज न्हाई. आज जागाच न्हाई रागाला.

ग्यानोबा : मी रोज सकाळी ठरवायचो. आज सांगायचं. घागर उचलायचो तवा ठरवायचो, आन सिंधुच्या दारात घागर ठेवली की वाटायचं, झालं, फेडलं आजचं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तो बिल्ला हाय न भिंतीवर, येष्टीनं दिलेला, विनाअपघात सेवेचा. त्याच्याखालनं आत-बाहेर करताना मी मान खाली घालायचो. शेवटी सुदर्शनला म्हणलो, चारी शॉकअप नवे मागव, उंच करायचेत, रस्ता खराब हाय. म्हणलं, हा निळा निघून जाईल आन संपंल.

शिवकन्या : आन जहांगीरभाईंकडं नेली असती तर त्यांनी चार माणसांसमोर विचारलं असतं, हा निळा कुठला.

ग्यानोबा : हाव. म्हणून अंगणात. तुला चहाला पाठवायचं, आन तेवढ्यात हा नेऊन विहिरीत टाकायचा, असं होतं डोक्यात. पण तू डावी बाजू धरून बसलीस.

शिवकन्या : विहिरीत?

ग्यानोबा : खरं ते सांगितलं. आता मी काय करू ते तू सांग. सुदर्शनला फोन लाव, मी त्याच्याशी बोलतो.

शिवकन्या : सुदर्शनना संध्याकाळी. शेषेरावांना आत्ता. त्यांना म्हणा, उद्या किल्ली न्यायला येऊ नका.

ग्यानोबा : कोण चालवणार म्हणून विचारलं तर?

शिवकन्या : तर सांगा कोण ते.

ग्यानोबा : सांगतो. बरं, सिंधुचं?

शिवकन्या : सिंधुकाकूचं पाणी आज मी नेते. तुम्ही हा निळा न्या. त्यांच्या ओट्यावर ठेवा आन तुमच्या तोंडानं सांगा. बायका तिथंच बसलेल्या असतात दुपारी, वाती वळत. अकराच्या अकरा नसतील, पण सहा-सात असतील. बाकीच्यांपर्यंत त्याच नेतील.

ग्यानोबा : त्या बायकांसमोर?

शिवकन्या : माझं पण त्यांच्यासमोरच झालं होतं, मामा.

ग्यानोबा : हाव. बराबर हाय तुझं. आन तो बिल्ला काढून पेटीत ठेवतो.

शिवकन्या : राहू द्या. येष्टीत खरंच मेली न्हाई ना कोंबडी?

ग्यानोबा : न्हाई. एक म्हैस घासली होती, उजनी फाट्याला. ती उठून गेली.

शिवकन्या : मग राहू द्या. फक्त त्याच्याखालच्या खिळ्याला किल्ली टांगायची न्हाई आता. किल्ली माझ्याकडं राहील. चला, नवे घ्या. हा तुमचा, हा माझा. खालचा बोल्ट आधी, का वरचा?

ग्यानोबा : वरचा आधी. हातानं लाव, पान्यानं न्हाई. जहांगीर म्हणाला होता, शेवटचं आवळायचं ते गाडी चाकावर उभी राहिल्यावर. लोंबकळत आवळलं तर रबर पिळतं.

शिवकन्या : तुमचा बसला का बोल्ट?

ग्यानोबा : हं, बसला.

शिवकन्या : माझा बी बसला. उतरवते जॅक. हात काढा.

ग्यानोबा : काढला. आता आवळ. मी टॉमीचा दांडा धरतो, तू जोर दे. अजून. अजून अर्धा आटा. बस.

शिवकन्या : आता मागचा कोपरा दाबून बघते. मामा, बघा. एकदाच खाली गेला आन वर येऊन थांबला. परत हलला न्हाई.

ग्यानोबा : असं पाहिजे. आता फिरवून आण. बाभळीपर्यंत.

शिवकन्या : तुम्ही बसा पुढं.

ग्यानोबा : मी पुढं बसत न्हाई.

शिवकन्या : का?

ग्यानोबा : मी मागं बसतो, हौद्यात. बायका बसल्या होत्या तिथं.

शिवकन्या : ऊन लागंल. पत्रा तापलाय.

ग्यानोबा : पोतं टाकतो खाली. तू मागची काच उघडी ठेव, बोलणं ऐकू यायला. आन मी दोनदा ठोकल्याबिगर हलवायची न्हाई. येष्टीचा नियम हाय, डबल घंटी.

(पत्र्यावर दोन थापा. गाडी अंगणातून बाहेर पडते.)

शिवकन्या : मामा, धरून बसलाव का?

ग्यानोबा : बसलोय. सिंधु कुठं बसली होती?

शिवकन्या : डाव्या कोपऱ्यात. फळीला टेकून.

ग्यानोबा : मग तिथं सरकतो. झालं. चल तू.

शिवकन्या : हा खोदलेला भाग आला. पोट घासलं का?

ग्यानोबा : न्हाई. खालनं कुत्रं गेलं तरी घासायचं न्हाई आता.

शिवकन्या : लागतं का मागं?

ग्यानोबा : पहिल्यापेक्षा कमी. तू रस्त्याकडं बघ, माझ्याकडं बघू नको आरशात.

शिवकन्या : बरं, सिंधुकाकूला काय म्हणणार ते आधी मला म्हणून दाखवा.

ग्यानोबा : आत्ता?

शिवकन्या : आत्ता. तिथं जाऊन तुम्ही गाडीच्या आजाराविषयी बोलत बसाल आन उठून याल. ओळखते मी तुम्हाला.

ग्यानोबा : म्हणतो. सिंधु, त्या दिवशी जे झालं, त्यात गाडीचा जरा दोष होता...

शिवकन्या : बघा. गाडीचा म्हणे. गाडीनं भंगारातनं आणला का निळा?

ग्यानोबा : सिंधु, त्या दिवशी जे झालं, त्यात दोष माझा होता.

शिवकन्या : हं. पुढं.

ग्यानोबा : मी जुना शॉकअप आणून बसवला आन लपवला. तुझा हात माझ्यामुळं मोडला. पाणी मी त्याच्यासाठी भरत होतो. माझी सून चांगली चालवते. येष्टीत असती तर तिला बी बिल्ला मिळाला असता.

शिवकन्या : बिल्ल्याचं राहू द्या. 'चांगली चालवते' एवढंच म्हणा. ते मोठ्यानं म्हणा, त्या पलीकडच्या ओट्यावरच्यांना बी ऐकू गेलं पाहिजे.

ग्यानोबा : माझी सून चांगली चालवते.

शिवकन्या : अजून मोठ्यानं.

ग्यानोबा : आता रानात कुणाला ऐकवू? बैल बघायलेत.

शिवकन्या : बैलांना बी कळू द्या. बरं. बस झालं. आता जरा गप बसा मामा, फळी दोन्ही हातांनी धरा. वळण येईल आता.

ग्यानोबा : कुठलं?

शिवकन्या : कुठलं काय विचारताव? बाभळीचं.

ग्यानोबा : ते मागं राहिलं की पोरी. मी बैलांना ओरडून सांगत होतो, तवाच तू घेतलंस.